मुलाचं जहाज सिंगापूरच्या सामुद्रधुनीतून जाणार आहे, तिथे पहारा नक्की कोणाचा?

कॅडेटची_आई

नमस्कार मंडळी. इथे बोटीवर नोकरी केलेले बरेच जण दिसतात, म्हणून विचारते.

आमचा मुलगा डेक कॅडेट आहे, पहिलंच जहाज. कांडल्याला मीठ भरून चीनला निघालेत. परवा फोनवर सहज म्हणाला, "आई, पुढच्या आठवड्यात सिंगापूर पार करू. त्या रात्री माझी मागच्या बाजूला अँटी-पायरसी वॉच आहे." मी पोळ्या लाटत होते, लाटणं हातात तसंच राहिलं. काय करायचं असतं विचारलं, तर म्हणे, "काही नाही गं, टॉर्च आणि वॉकीटॉकी घेऊन उभं राहायचं." टॉर्च! तिकडून चाचे येणार आणि माझा मुलगा टॉर्च दाखवणार!

ह्यांना विचारलं तर हे म्हणतात, सिंगापूर किती शिस्तीचं, तिथे कसले चोर. मी नकाशा काढून बसले. वर मलेशिया आणि सिंगापूर, खाली इंडोनेशिया, मधे एवढीशी चिंचोळी पट्टी. आमच्या आळीत तीन घरांच्या सामाईक विहिरीचा गाळ काढायला तीन वर्षं लागली, कारण तिघांनाही वाटायचं दुसऱ्याने काढावा. मग तीन देशांमधला हा समुद्र कोण राखतो? काही झालं तर जहाजाने हाक कोणाला मारायची? आपलं नौदल असतं का तिथे?

प्रश्न बावळट वाटला तर सांभाळून घ्या.

इंजिनरूम_खालून

काकू, प्रश्न बावळट नाही. मी थर्ड इंजिनिअर, सध्या बोटीवरच आहे, नेट तुटक आहे म्हणून थोडक्यात लिहितो. सोमालियासारखं डोळ्यांसमोर आणू नका. तिथे जहाज पळवून खंडणी मागत नाहीत. रात्री मागून चढतात, इंजिनाचे सुटे भाग, बेअरिंगं, पितळेचं काही दिसलं तर तेही उचलतात आणि उतरून जातात. माणूस दिसला की बहुतेक वेळा पळतातच. पण कंबरेला सुरा असतो, त्यामुळे हिरोगिरी करायची नाही हे कॅडेटला पहिल्या दिवशी सांगतात. टॉर्च त्यासाठीच: आम्ही जागे आहोत एवढं त्यांना खालून दिसलं की पुष्कळ झालं.

घाटावरचा_अभ्यासक

खरं तर हे काम भारतानेच हातात घ्यायला हवं. ग्रेट निकोबार आणि सुमात्रा यांच्यात अंतर ते किती! सिंगापूरच्या आधी लागते त्या मलाक्काच्या सामुद्रधुनीच्या तोंडावर आपण बसलोय आणि आत गस्त घालणार दुसरे. चार युद्धनौका कायम ठेवल्या तर चोरांची टाप आहे का?

जुना_मालम

वहिनी, नमस्कार. मी चीफ ऑफिसर म्हणून निवृत्त झालो, आता अंजनवेलला घरी असतो. मलाक्का आणि सिंगापूर किती वेळा पार केलं ते मोजलेलं नाही, पण शंभराच्या खाली नसेल. अभ्यासकांच्या चार युद्धनौकांकडे नंतर येतो, आधी तुमची विहीर.

उपमा झकास आहे, फक्त ती विहीर सामाईक नाही, आणि खरी गोम तिथेच आहे. प्रत्येक देशाला किनाऱ्यापासून १२ सागरी मैलांपर्यंत आपला समुद्र धरता येतो. सिंगापूरची सामुद्रधुनी पुष्कळ ठिकाणी सोळा-सतरा किलोमीटरच रुंद आहे. म्हणजे मधे कोणाचंच नाही असं पाणी उरतच नाही. दोन शेतांच्या मधे असतो तसा बांध आहे, फक्त पाण्यात तो दिसत नाही. कायद्याच्या भाषेत तर तिथे 'चाचेगिरी' होऊच शकत नाही. चाचेगिरी म्हणजे खुल्या समुद्रातली. इथली 'जहाजावरची सशस्त्र लूट', आणि ती ज्याच्या पाण्यात झाली त्याच्याच पोलिसांनी निस्तरायची. मुलगा अँटी-पायरसी म्हणतो ते बोटीवरचं बोलणं झालं.

आता तुमच्या मुलाचं जहाज. पूर्वेकडे जाणाऱ्याने उजवीकडच्या, म्हणजे दक्षिणेकडच्या लेनमधून जायचं. ती लेन इंडोनेशियाच्या रिआऊ बेटांना खेटून जाते. फिलिप चॅनल म्हणून जागा आहे, तिथे रुंदी जेमतेम २.८ किलोमीटर. दोन्ही बाजूंना जहाजं, मधून आडव्या जाणाऱ्या फेरीबोटी, मच्छीमारांचे दिवे. जहाजाला वळायला जागा नाही, पळायला वेग नाही. त्यात मीठ भरलेलं बल्क कॅरिअर पाण्यात खोल बसलेलं असतं, मागची कडा पाण्यापासून फार उंच राहत नाही. बेटाआडून लाकडी होडी बिनदिव्याची येते, प्रॉपेलरच्या फेसातून अगदी मागे लागते. तिथे रडारलाही ती धड दिसत नाही. लांब बांबूला आकडा असतो, तो कठड्याला अडकवला की पाच-सहा पोरं माकडासारखी वर. वेळ बहुतेक मध्यरात्र ते पहाट.

राखतं कोण? तर आपापल्या बांधापर्यंत ज्याचा तो. २००४ सालच्या मार्चमध्ये अमेरिकेचे पॅसिफिकमधले सेनापती ॲडमिरल फार्गो त्यांच्या संसदेपुढे मलाक्काच्या सुरक्षेत अमेरिका काय करू शकते ते बोलले. तिथे अमेरिकी सैनिक उतरणार अशा बातम्या झाल्या आणि मलेशिया, इंडोनेशिया दोघेही भडकले. पण त्यातून एक बरं झालं. परक्याला दारात येऊ द्यायचं नसेल तर घर आपणच झाडलं पाहिजे, हे तिघांनाही कळलं. त्याच जुलैमध्ये इंडोनेशिया, मलेशिया आणि सिंगापूर यांनी एकमेकांशी ठरवून गस्त सुरू केली. पुढच्या वर्षी जूनमध्ये लंडनच्या विमावाल्यांनी मलाक्काला युद्धजोखमीच्या यादीत टाकलं, म्हणजे प्रत्येक जहाजाचा विमा महाग. खिशाला चिमटा बसल्यावर सप्टेंबर २००५ मध्ये विमानांचीही गस्त आली. तिचं नाव 'आकाशातले डोळे'. २००६ च्या ऑगस्टमध्ये विमावाल्यांनी नाव काढलं. २००८ ला थायलंडही त्यात आला.

पहाऱ्याची पद्धत नीट समजून घ्या. गस्त 'समन्वयाने' आहे, एकत्र नाही. सिंगापूरची नाव चोराच्या मागे लागली आणि चोर बांध ओलांडून इंडोनेशियाच्या पाण्यात गेला, तर ती बांधावर थांबते आणि पलीकडे कळवते. पाठलाग करत आत घुसायची मुभा नाही. विमानांना थोडी मोकळीक आहे. ती दुसऱ्याच्या समुद्रावरून उडू शकतात, पण किनाऱ्यापासून ३ मैल लांब राहून, आणि विमानात चारी देशांचे अधिकारी बसवलेले. मी त्या काळात ब्रिजवर, म्हणजे जहाज चालवतात तिथे, होतो. २००५ नंतर फरक पडला, हे डोळ्यांनी पाहिलंय. सगळं श्रेय गस्तीला देऊ नका मात्र. डिसेंबर २००४ च्या त्सुनामीने इंडोनेशियातल्या आचेचा किनारा धुऊन नेला, आणि पुढच्या ऑगस्टमध्ये तिथल्या बंडखोरांचा सरकारशी समेट झाला. उत्तर मलाक्कातल्या माणसं पळवण्याच्या प्रकारांना त्यानेही लगाम बसला. परिषदांमधल्या भाषणांत हे सहसा ऐकू येत नाही.

चोराला बांध माहीत असतो, वहिनी. पकडणाऱ्याच्या हद्दीतून न पकडणाऱ्याच्या हद्दीत कसं जायचं हे त्याला जन्मापासून येतं. म्हणून या सगळ्या यंत्रणेत नावांपेक्षा निरोप महत्त्वाचा. निरोप लवकर गेला तर पलीकडचा वाट अडवून उभा राहू शकतो. आणि तो पहिला निरोप कोणी द्यायचा? जहाजाने. गाडी नेमकी तिथेच अडते.

२०१५ सालची गोष्ट सांगतो. त्या वर्षी तिथे चोऱ्यांचं पेव फुटलं होतं. माझी चार ते आठची वॉच. नुकता ब्रिजवर चढलो होतो, अंधार होता. बोसनचा, म्हणजे खलाशांच्या मुकादमाचा, आवाज वॉकीटॉकीवर: "साब, पीछे गीले पाँव के निशान हैं." ब्रिज कॅप्टनच्या ताब्यात देऊन मी मागे गेलो. हिरव्या डेकवर दव पडलं होतं आणि त्यात अनवाणी पावलं. लहान, रुंद बोटांची. कठड्यापासून स्टीअरिंग फ्लॅटच्या (सुकाणूच्या यंत्राच्या खोलीच्या) दारापर्यंत लांब लांब टाकलेली, आणि परत जाताना जवळजवळ, टाच घासत गेलेली. परतताना ओझं होतं. दाराचं कुलूप कापून कडीला तसंच लटकवलं होतं. आत फ्युएल व्हॉल्व्हची पेटी आणि दोन बेअरिंगं गायब.

मी म्हटलं, व्हीएचएफ रेडिओवर सांगूया. कॅप्टन म्हणाले, "कशाला? सिंगापूरला नांगर टाकायला लावतील, पोलीस चढतील, जहाज भाड्याने घेतलेल्या चार्टररचे फोन सुरू होतील. दोन बेअरिंगांसाठी?" कंपनीचंही तेच मत पडलं. मी गप्प बसलो. साडेपाचच्या सुमारास चॅनल १६ वर मागच्या कुठल्याशा जहाजाचा आवाज आला. फिलिपिनो ऑफिसर होता, एकाच दमात "सिंगापूर, सिंगापूर, सिंगापूर" म्हणत होता. त्यांच्या एका खलाशाच्या हाताला सुरा लागला होता. तीच पोरं होती की दुसरी, कोण जाणे. पण आमच्याकडे तासाभराची बातमी होती आणि आम्ही ती खिशात ठेवली होती.

आणि कॅप्टनची भीती पोकळ होती, हे मला पुढे कळलं. दुसऱ्या जहाजावर असताना आम्ही कळवलं. सिंगापूरच्या वाहतूक केंद्राने चार प्रश्न विचारले: जागा कोणती, किती जण, शस्त्रं आहेत का, मदत हवी का. आम्ही नको म्हटलं. त्यांनी लगेच सगळ्या जहाजांना सावधानतेचा संदेश दिला, पलीकडे कळवलं, आणि आम्ही न थांबता पुढे गेलो. पाच मिनिटांचं काम. तेव्हा मुलाला एवढंच सांगा: काही दिसलं तर आधी ब्रिजला ओरडून सांग, मग आत जाऊन दार लाव. पुढे कोणाला कळवायचं ते वरचे बघतील.

कॅडेटची_आई

भाऊ, एवढं सविस्तर लिहिलंत, फार आभार. पावलांचं वाचून मात्र अंगावर काटा आला. ह्यांनाही वाचून दाखवलं. हे आता सिंगापूरच्या शिस्तीबद्दल काही बोलत नाहीयेत.

एक शंका. मी शोधलं तर एका ठिकाणी लिहिलंय २०२५ च्या पहिल्या सहा महिन्यांत ८० घटना, दुसऱ्या ठिकाणी ५७. खरं कुठलं?

फोर्ट_वकील

दोन्ही खरं. मोजणारे दोन आहेत. क्वालालंपूरला आंतरराष्ट्रीय व्यापार मंडळाचं चाचेगिरी नोंद केंद्र आहे, १९९२ पासूनचं. जहाजं त्यांना थेट कळवतात, आकडा ५७. सिंगापूरला रीकॅप या आशियाई देशांच्या चाचेगिरीविरोधी कराराचं केंद्र आहे, तिथे सदस्य सरकारांमार्फत माहिती जमते, आकडा ८०. ८० च्या आकड्यात मलाक्काही धरलेलं असतं.

या रीकॅपच्या मुळाशी आपल्या किनाऱ्याजवळ संपलेली एक गोष्ट आहे, ती इथे सांगायलाच हवी. ऑक्टोबर १९९९ मध्ये 'अलोंड्रा रेनबो' हे जपानी मालकीचं जहाज सुमात्राच्या कुआला तांजुंगहून ॲल्युमिनिअमच्या लाद्या भरून जपानला निघालं आणि वाटेतच पळवलं गेलं. १७ खलाशांना तराफ्यावर सोडून दिलं. ते दहाएक दिवस वाहत राहिले, शेवटी थायलंडच्या मच्छीमारांनी उचलले. चोरांनी जहाजाचं नाव बदललं, रंग बदलला, आणि ते अरबी समुद्रात आलं. तिथे एका जहाजाने ओळखून कळवलं. आपल्या तटरक्षक दलाच्या 'ताराबाई'ने पाठलाग केला, नंतर नौदलाची 'प्रहार' आली, आणि १६ नोव्हेंबरला १५ इंडोनेशियन पकडून मुंबईला आणले. मोगलांना झुंजवणाऱ्या राणीच्या नावाच्या नौकेने सुमात्राचे चोर धरले, हे मला अजून आवडतं.

पुढचं कमी आवडतं. चाचेगिरीविरुद्ध आपल्याकडे स्वतंत्र कायदाच नव्हता, दंड संहितेची कलमं जोडून खटला चालवला. २००३ ला मुंबईच्या सत्र न्यायालयात शिक्षा झाली, २००५ ला उच्च न्यायालयात सगळे सुटले. स्वतंत्र कायदा यायला २०२२ उजाडलं. मार्च २०२४ मध्ये 'रुएन' जहाजावरचे ३५ सोमाली चाचे आणले गेले, तेव्हा तो हाताशी होता.

जपानने मात्र त्या प्रकरणानंतर आशियाई देशांचा करार व्हावा म्हणून नेट धरला. २००४ ला मसुदा ठरला, सप्टेंबर २००६ ला रीकॅप अमलात आला. भारत त्यात सुरुवातीपासून आहे, आपल्याकडून तटरक्षक दल निरोप्याचं काम बघतं. गंमत अशी की ज्यांच्या पाण्यात हे घडतं ते मलेशिया आणि इंडोनेशिया त्यात सहभागी नाहीत. केंद्र सिंगापूरला असणं त्यांना रुचलं नाही, असं म्हणतात. त्यांच्या सार्वभौमत्वाचाही प्रश्न असावा.

जुना_मालम

वकीलसाहेब, बरोबर. पंगतीला बसले नाहीत, पण वाढायला हात लावतात असं त्यांचं आहे. रोजच्या कामात माहिती देतात-घेतात. ८० चा आकडा वाचून घाबरू नका वहिनी. त्याच वर्षी जुलैमध्ये रिआऊ बेटांवर इंडोनेशियाच्या पोलिसांनी टोळ्या धरल्या आणि चोऱ्या एकदम उतरल्या. समुद्रात पाठलाग करून जे जमलं नाही ते गावात जाऊन दार ठोठावल्यावर जमलं. माझं तर मत आहे, हे चोर समुद्रातले नाहीतच. दिवसा बेटावर राहणारी पोरं आहेत. समोर सिंगापूरचे दिवे दिसतात आणि हाताला काम नसतं. त्यांना नावेपेक्षा गावचा हवालदार जास्त ओळखतो.

आता अभ्यासकांच्या चार युद्धनौका. कायम कुठे ठेवणार? वर सांगितलं तसं तिथे मोकळं पाणी नाही, कोणाच्या तरी अंगणात उभं राहावं लागेल. अमेरिकेला ज्यांनी नको म्हटलं ते आपल्याला चहा पाजतील असं वाटतं का? आपण आपल्या बांधावर काम करतोच. इंडोनेशियाबरोबर २००२ पासून आणि थायलंडबरोबर २००५ पासून आपलं नौदल सागरी सीमेच्या दोन बाजूंनी ठरवून गस्त घालतं. चांगीला सिंगापूर नौदलाचं माहिती केंद्र आहे, तिथे आपला अधिकारी बसतो. तसंच केंद्र डिसेंबर २०१८ मध्ये आपण गुरुग्रामला उघडलं. (समुद्राचं केंद्र गुरुग्रामला! असो.) सप्टेंबर २०२५ मध्ये सिंगापूरचे पंतप्रधान दिल्लीला आले, तेव्हाच्या संयुक्त निवेदनात मलाक्काच्या गस्तीत भारताला रस असल्याचं कौतुकाने नोंदवलंय. कौतुक सिंगापूरचं, होकार चौघांचा लागतो.

घाटावरचा_अभ्यासक

मान्य. पण मग ही बांधावर थांबण्याची पद्धत कधी बदलणारच नाही?

जुना_मालम

थोडी बदलली आहे, पण जिथे माणसं मेली तिथे. फिलिपिन्सच्या दक्षिणेला सुलू समुद्रात २०१६ मध्ये अबू सय्याफ या सशस्त्र टोळीने टगवरचे (ओढनौकांवरचे) इंडोनेशियन खलाशी पळवले, एकामागून एक. कोळशाची वाहतूक अडली. मग जून २०१७ मध्ये इंडोनेशिया, मलेशिया आणि फिलिपिन्स यांनी इंडोनेशियातल्या तारकानला संयुक्त गस्तीचा आरंभ केला. जहाजांना ठरावीक वाट आखून दिली, तिन्हीकडे एकेक नियंत्रण केंद्र. आणि हे तिघे असे, की साबाह प्रांतावरून मलेशिया-फिलिपिन्सचा जुना वाद आजही मिटलेला नाही. वाद बाजूला ठेवून निरोप द्यायला शिकले. सिंगापूरला बेअरिंगं जातात, माणसं जात नाहीत, म्हणून तिथे कोणाला तेवढी घाई नाही. कडू आहे, पण तसंच आहे.

कॅडेटची_आई

मंडळी, आज पहाटे ५.१० ला मेसेज आला: "हॉर्सबर्ग पार. काही नाही झालं. एक फिशिंग बोट जवळ आली होती, टॉर्च मारला, गेली. झोपतो." मी तीनपासून जागीच होते. सगळ्यांचे आभार. हॉर्सबर्ग म्हणजे काय हो? तो झोपला, आता कोणाला विचारू?

जुना_मालम

वा. हॉर्सबर्ग म्हणजे सामुद्रधुनीच्या पूर्वेच्या तोंडावरचं दीपगृह, काळे-पांढरे पट्टे असलेलं. पेड्रा ब्रांका नावाच्या खडकावर आहे. हा खडक कोणाचा यावर सिंगापूर आणि मलेशिया १९७९ पासून भांडत होते. २००८ ला हेगच्या न्यायालयाने खडक सिंगापूरला दिला आणि शेजारचे 'मिडल रॉक्स' नावाचे खडक मलेशियाला. कोर्टात कागद नाचत होते त्या सगळ्या वर्षांत आम्हाला दिवा रोज रात्री दिसत होता.

आता पुढे दक्षिण चीन समुद्र, मोकळं पाणी. कॅडेटांचा वायफायचा कोटा महिनाअखेरीला संपतो. तेव्हा चार दिवस मेसेज आला नाही तर इथे नवा धागा काढू नका.